खालांची काळी पानफुटी

झाडाला उपाशी ठेवून त्याचं कौतुक करणारी बाई अख्ख्या लोहाऱ्यात एकच होती, आमच्या शेजारच्या खाला. निजामाच्या अमलातली गोष्ट. भावानं हैदराबादेहून आणलेली पानफुटी त्यांनी फुटक्या मडक्यांत लावली होती. जाड पानांचं झाड ते. नुसतं पान मातीवर टाकलं तरी कडेनं रोपं फुटतात. पण खालांची पानफुटी हिरवी नव्हती, पिकल्या जांभळासारखी काळी होती. विटांचा चुरा, मुरूम, माळवदावरचं ऊन आणि पाणी जवळजवळ नाहीच, असा तिचा खुराक. कुणी दया येऊन तांब्याभर पाणी घातलं की खाला ओरडायच्या, "अगं, हिरवी पडंल ती! तुझ्या नवऱ्याला पाज पाणी!" पाऊस आला की आधी मडकी आत. खालू, म्हणजे त्यांचे यजमान, तहसिलात चपराशी होते. ते म्हणायचे, "आमच्याकडं पापड भिजतात, झाडं कोरडी राहतात."

एकुलती लेक तुळजापूरकडच्या एका खेड्यात दिली. लग्न ठरल्यावर कळलं, तिथं पाणी कोसभरावरनं आणावं लागतं. पोरगी घागरी वाहून झिजंल, या काळजीनं दोघांचं जेवण तुटलं. पण शब्द दिला होता, लग्न मोडता येईना. पाठवणीच्या वेळी खालांनी काळ्यातल्या काळ्या पानफुटीचं मडकं लेकीच्या मांडीवर ठेवलं. "हे ने. हे तुझ्या वाटचं पाणी मागणार न्हाय."

पाच-सहा महिन्यांनी लेकीला भेटायला निघाल्या तेव्हा सोबतीला मला नेलं. मोटारीनं तुळजापूर, पुढं छकडा. अंगणात पाऊल टाकलं आणि खाला लेकीआधी झाडाकडंच वळल्या. झाड गुडघ्याच्या वर गेलेलं, हिरवंगार, माजलेलं.

"समधन, ह्याला पाणी कुणी पाजलं?"

"मीच की," विहीण म्हणाली. "सुनेच्या माहेरचं झाड तहानलेलं ठेवू व्हय? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

"आन् पाणी आणलं कुठनं?"

"परसात आड खणलाय आता. तुमच्या लेकीला कोसभर पाठवू का? लई नाजूक हाय ती."

"नासवलं माझं झाड!" खाला म्हणाल्या, आणि बसून तीन भाकरी खाल्ल्या.

परत आलो तेव्हा खालू दारातच उभे होते. लेकीचं सरळ विचारायचा त्यांना धीर होईना. म्हणाले, "झाड कसं हाय?"

"पार बिघडलं. हिरवंगार झालं."

खालूंनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि उंबऱ्यावरच बसले. "शुक्र अल्लाचं," म्हणाले. खालाही त्यांच्याशेजारी टेकल्या.