शाडूचं मडकं

पेणच्या आमच्या रामवाडीत ओल्या शाडूचा वास आला की मी अजून चरफडतो. खरं तर इतक्या वर्षांनी हसू यायला हवं.

सातवीत मडकं करून न्यायचं होतं. सगळ्यात चांगलं मडकं रोह्याच्या प्रदर्शनात जाणार होतं. शेतातल्या मातीचं माझं मडकं तीनदा तडकलं, तेव्हा वैतागून ती माती फेकली आणि शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणला. आमच्या आळीत मूर्ती भाजत नाहीत, वाळवून रंगवतात. मीही तेच केलं.

बाईंनी त्यात पाणी भरलं. बघता बघता तळ टेबलावर पसरला.

"पेणचा ना तू? शाडू विरघळतो, ठाऊक नाय?"

"ठाऊक हाय बाई. वाटलं, दीड दिवस तरी राहील."

रोह्याला गेलं शेजारच्या मन्याचं, चुलीत भाजलेलं वाकडं मडकं. माती कुठली, मी त्याला विचारलं.

"तूच फेकलेलीस ना," तो म्हणाला.