प्रार्थना करणार नाही, असं मी लिहून दिलं

अ‍ॅडमिनच्या सरांनी माझी पर्स टेबलावर उलटी केली.

डबा. रुमाल. रिक्षासाठी ठेवलेली चिल्लर. केसांच्या पिना. सॅनिटरी पॅड. आणि आईने दिलेलं प्रार्थनेचं छोटं पुस्तक, कव्हरवर क्रूस. पॅड बघून कुणी नजर वळवली नाही. पुस्तकाकडे मात्र सगळे असे बघायला लागले, जसं काही मी औषधांच्या कपाटातून चोरी केलीय.

खोलीत आम्ही चौघं. सर, मेट्रन, बेड नंबर सहाच्या आजींचा मुलगा आणि मी. ते तिघं बसलेले. मी उभी.

"किती जणांना बाटवलंस आतापर्यंत?" आजींच्या मुलाने विचारलं.

"साहेब, मी कुणालाही..."

"आवाज खाली," मेट्रन म्हणाल्या.

माझा आवाज खालीच होता.

डोंबिवलीतलं हे खासगी हॉस्पिटल. मी तिथे अकरा वर्षं स्टाफ नर्स. त्यातली सात वर्षं आयसीयूत. मेट्रनच्या स्वतःच्या सासऱ्यांना अ‍ॅडमिट केलेलं, तेव्हा त्यांनी माझीच ड्युटी मागून घेतलेली. त्या दिवशी त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

आजी जवळच्याच गावातल्या. गाव म्हणजे आता नावालाच. त्यांच्या भातशेतीवर टॉवर उभे राहिलेत. हॉस्पिटलची जागाही त्यांच्याच घराण्याची, भाड्याने दिलेली. त्यामुळे त्यांचा मुलगा आला की डॉक्टरसुद्धा खुर्चीवरून उठायचे.

आजींच्या किडन्या गेलेल्या. श्वास पुरत नव्हता. आयसीयूत नातेवाइकांना दहाच मिनिटं भेटायला मिळतं. बाकीचा दिवस माणूस एकटा आणि मशीनचे आवाज. आजी घाबरायच्या. मी जवळ गेले की माझं मनगट धरून ठेवायच्या.

मला एक सवय आहे. सुई लावायच्या आधी मी मनात म्हणते, प्रभू, माझा हात स्थिर ठेव. कधी कधी ओठ हलतात. ते आजींनी पाहिलं.

"पोरी, काय पुटपुटतंस गो?"

"प्रार्थना करते, आजी."

"कोनाची?"

"येशूची."

आजी म्हणाल्या, "मग माज्यासाठी पन सांग ना त्याला. मना भ्या वाटते. मी माज्या एकवीरेला सांगतेच हाय. तू तुज्या देवाला सांग. दोगं मिलून बगतील काय ते."

मला हसू आलं. त्याही हसल्या, मास्कच्या आत. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, प्रभू, या आईची भीती काढून घे. बस. अर्धा मिनिट. पाणी नाही, तेल नाही, पुस्तक नाही. पुस्तक लॉकरमध्ये होतं, पर्समध्ये. आजींना तासभर शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मुलगा भेटायला आला तेव्हा आजींनीच कौतुकाने सांगितलं, "ती पोरी माज्यासाठी तिच्या देवाला सांगते." त्यांना वाटलं, लेकाला बरं वाटेल.

आता सरांनी माझ्यासमोर कोरा कागद सरकवला. "लिही." मी लिहिलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मी रुग्णासमोर माझ्या धर्माची प्रार्थना केली ही माझी चूक आहे. यापुढे हॉस्पिटलच्या आवारात मी प्रार्थना करणार नाही. खाली सही.

"मोठ्याने वाच," आजींचा मुलगा म्हणाला. त्याने मोबाइल समोर धरला होता. "हात जोडून."

एका हातात कागद. हात जोडणार कसे? मी कागद टेबलावर ठेवला, हात जोडले आणि वाकून वाचलं. धडा पाठ झालेल्या पोरीसारखं घडाघडा. लवकर संपावं म्हणून.

संपलं नाही. "आडनाव तर आपल्याकडचंच. आधीची जात कुठली तुमची?" त्याने विचारलं.

आडनावावरून त्याला कळलेलं होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सांगितली. तो सरांकडे बघून हसला. "म्हणजे तांदळाच्या पोत्यावर बाटलेले."

सर हसले. मेट्रनने फाइल उघडली.

माझे आजोबा नगरकडचे, गावाबाहेरच्या वस्तीतले. लहानपणी ताप आला की गावातला वैद्य लांबून पुडी फेकायचा. पहिल्यांदा त्यांचा हात हातात घेऊन कुणी नाडी बघितली ती मिशनच्या दवाखान्यात. आजोबा हे सांगायचे तेव्हा स्वतःचं मनगट धरून सांगायचे. तांदूळ त्यात कुठेच नव्हता. मी नर्स झाले त्याला कारण तेच. हे सगळं मला त्या खोलीत सांगता आलं असतं. मी पर्स भरत होते. सगळ्यांसमोर, एकेक वस्तू.

घरी आले. आम्ही कल्याण पूर्वेला राहतो, कोळसेवाडीत. नवरा म्हणाला, "बरं झालं लिहून दिलंस. व्हिडिओ फिरला तर पोरीला शाळेत त्रास होईल." चर्चमधल्या पाळकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, सध्या शांत राहा. दिवस बरे नाहीत." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमची उपासना एका छोट्या हॉलमध्ये होते. त्या रविवारपासून खिडक्या लावून घेतल्या आणि ढोलकी बंद केली. आम्ही गाणी म्हटली, पण शेजारच्या माणसाला जेमतेम ऐकू जातील एवढीच. दहावीतल्या माझ्या मुलीने गळ्यातली क्रूसाची चेन काढून डब्यात ठेवली.

स्टाफ कमी, म्हणून मला आयसीयूतून काढलं नाही. फक्त सांगितलं, बेड सहाकडे जायचं नाही. वर कॅमेरा आहे.

त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी आजींचा ऑक्सिजन उतरायला लागला. मुलाला फोन केला. तो शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. डॉक्टर बघून गेले. आता फार काही राहिलं नाही, असं त्यांनी नुसत्या मानेने सांगितलं.

आजींना शुद्ध होती. त्या कुणाला तरी शोधत होत्या.

"ती पोरी... ती पोरी कुटं हाय?"

माझ्याबरोबर ड्युटीला सुजाता होती. माझ्यापेक्षा लहान, गळ्यात साईबाबांचं लॉकेट. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जा ना गं. नुसता हात धर. काही बोलू नकोस."

दहा पावलं. जास्तीत जास्त बारा. मी काउंटरला धरून उभी राहिले. वर बघितलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. माझ्या डोळ्यांसमोर तो कागद, ती सही, मुलीची दहावी. आजींचा हात बेडच्या दांड्याबाहेर आलेला. बोटं हलत होती. मनातल्या मनात प्रार्थना करावी म्हटलं, तर तीही येईना.

सुजाताने जाऊन हात धरला. आजींनी तो चाचपून बघितला. मग सोडला. त्यांना कळलं, हा माझा नव्हे.

चार वाजता आजी गेल्या. मुलगा पोचला तेव्हा मी त्यांच्या अंगावर चादर नीट करत होते. आता चाललं. आता मला कुणी अडवलं नाही.

त्या खोलीत माझ्याशी जे केलं, ते त्यांनी केलं. दुपारी मी केलं ते मात्र माझं. कुणी माझा हात धरून ठेवलेला नव्हता. हे मला घरी जाताना रिक्षात कळलं, आणि मी एवढी रडले की रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेऊन विचारलं, "ताई, पानी पाहिजे का?"

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलचा वर्धापनदिन होता. खाली लॉबीत सत्यनारायण. दर वर्षीसारखा मी प्रसाद घेतला, डोक्याला लावून खाल्ला. मला त्यात कधी अडचण वाटली नव्हती. दुपारी सरांनी तिघींना बोलावलं. मी आणि दोन नवीन मुली. एक वसईची, एक केरळची. ख्रिश्चन स्टाफ तेवढाच. तीन कागद छापून ठेवलेले. कामाच्या जागी कोणतंही धार्मिक वर्तन करणार नाही. बोटांना प्रसादाचं तूप अजून लागलेलं होतं.

"सगळ्यांसाठी आहे का हे?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी आहे."

मुली माझ्याकडे बघत होत्या. मी सीनियर. मी पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही, सर."

"मागे तर केलेली."

"केलेली. आणि आजी मला हाका मारत गेल्या. मी उभी राहिले. पुन्हा कुणी पेशंटने हाक मारली तर मी जाणार. त्याने प्रार्थना कर म्हटलं तर करणार. हनुमानचालिसा वाच म्हटलं तर तीही वाचून दाखवेन. मग खोटं कशाला लिहून देऊ?"

"मग उद्यापासून येऊ नका."

शूर वगैरे काही वाटलं नाही. दोन्ही मुलींनी सह्या केल्या. मी त्यांना दोष देत नाही. वसईची खाली सोडायला आली आणि लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता म्हणाली, "सॉरी, सिस्टर."

व्हिडिओ शेवटी फिरलाच. कल्याण-डोंबिवलीत चार ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. सगळे म्हणाले, कळवतो. कुणी कळवलं नाही. नवरा अजूनही नीट बोलत नाही. रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारची खुर्ची हल्ली रिकामी राहते. आपलीच माणसं. भीती त्यांना पण आहे.

मी ठाण्याला कामगार कार्यालयात तक्रार दिली. तीन वेळा जाऊन आले. हॉस्पिटलचा वकील दोनदा आलाच नाही. तिसऱ्यांदा आला आणि म्हणाला, स्वतःच्या इच्छेने काम सोडलं असं लिहा, अनुभवाचा दाखला लगेच देतो. टेबलामागचे साहेब वाईट नव्हते. थकलेले होते. त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, खरं सांगू? यातून तुमच्या हाताला फार काही लागेल असं मला वाटत नाही. मिटवताय, की पुढची तारीख देऊ?"

मलाही वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही.

"तारीख द्या," मी म्हटलं.