पास एकच मिळाला

पहिल्या केमोच्या सकाळी आमच्या अंगणात गाड्या दोन आणि माणसं बारा. आजारी मी एकटाच. आमच्या गावात पेशंट दवाखान्यात एकटा जात नाही. त्याच्यामागे जितकी माणसं, तितकी त्याची इज्जत. डॉक्टरांनी रक्त तपासून बजावलं होतं, गर्दी टाळा, खोकणाऱ्यांपासून दूर राहा. मी ते घरी सांगितलं, तर मोठ्या भावानं खोकणाऱ्या काकांना दुसऱ्या गाडीत बसवलं. झाली गर्दी टाळून!

तयारी सगळी बायकोची. सैल बाह्यांचा शर्ट, उकळून गार केलेलं पाणी, मुगाची खिचडी. फाइल मात्र भावाच्या काखेत. बाबा गेल्यापासून घरातले सगळे कागद त्याच्याकडे असतात, त्यात माझा कॅन्सरही गेला.

महिनाभर मी भेटायला येणाऱ्यांना सांगत होतो, "काई नाई, सलाइनच त हाये." खरं म्हणजे मी पार घाबरलो होतो. सलाइन चालू असताना जवळ कोण बसणार, एवढंच डोक्यात घोळत होतं. मला बायको हवी होती. पण तीस वर्षांत ती माझ्या भावासमोर पदर घेतल्याशिवाय आली नाही, त्याच्याशी थेट बोललीही नाही. ती मागणार नव्हती. आणि चारचौघांत बायकोला जवळ बोलावणं मला कधी जमलं नव्हतं.

बुलढाण्याला दारावरच्या सिस्टरनं सांगितलं, "पेशंटसोबत एकच जण." भावानं पास घेऊन खिशात घातला. "चाल बे," म्हणाला. बायकोनं डब्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि भिंतीशी सरकून उभी राहिली. मी दोन पावलं गेलो, पुढे पाय निघेना.

"दादा, तिले येऊ दे."

"काऊन? तिले अंदरचं काय समजते?"

"मले भेव लागून राह्यलं," मी जवळजवळ ओरडलोच. "ती जवळ असली की कमी लागते."

काकासुद्धा खोकायचे थांबले. भावानं खिशातून पास काढला. धाकट्या भावाच्या बायकोच्या हातात थेट काही द्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून फाइल आणि पास बाकड्यावर ठेवून तो भिंतीकडे बघत म्हणाला, "बाटली सरत आली की सिस्टरले आवाज द्या म्हना. ध्यान ठेवा म्हना."

आत सुई टोचली, बाटली सुरू झाली. बायकोनं स्टूल ओढलं, माझ्या पायावर हात ठेवला आणि पाच मिनिटांत पलंगाच्या कडेला डोकं टेकून गाढ झोपली. पदर खांद्यावर आला तरी तिला पत्ता नाही. रिपोर्ट आल्यापासून ती धड झोपलीच नव्हती, हे मला तिथं कळलं. बाटलीवर लक्ष मीच ठेवलं. थेंब पडत होते, तिचा श्वास ऐकू येत होता, आणि इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बाटली सरत आली. आवाज न देता मी हात वर केला. सिस्टर आली आणि तिला उठवायला वाकली.

"राहू द्या," मी हळूच म्हणालो, "आताच डोळा लागला तिचा."