डाव्या बाजूचे गोल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्यापाशी मी सगळं मन मोकळं करते त्या मैत्रिणीलाही नाही. कधी कधी ओठांपर्यंत आलं होतं — पण ऐन वेळी मी विषय बदलला, आणि विषय बदलणं मला फार छान जमतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात.

मी हॉकी शिकवते. सकाळी शाळेत पीटी, संध्याकाळी आमच्या क्लबच्या मुली. नाशिकमध्ये मुलींना हॉकी शिकवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे थोडंफार नाव आहे माझं. आमचा संघ राज्याच्या लीगमध्ये खालच्या गटात खेळायचा. वरच्या गटात जायचं हे क्लबचं जुनं स्वप्न. त्या वर्षी ते होणारच, असं सगळे धरून चालले होते. मीही. आणि त्याच वर्षी आम्ही अगदी तळाला गेलो.

हंगाम संपल्यावर बैठक बसली. कोण राहणार, कोण जाणार, चुकलं कुठे — हे ठरवायला. त्या बैठकीबद्दलच सांगायचं आहे मला. पण तिथवर जाण्याआधी तुळसाबद्दल सांगावं लागेल. तिला टाळून बैठकीचं सांगितलं, तर मी तेव्हा केलं तेच पुन्हा केल्यासारखं होईल.

तुळसा आमची गोलकीपर. पेठ गावाच्या पुढच्या एका आदिवासी पाड्यावरची. आश्रमशाळांच्या सामन्यांत मी तिला पहिल्यांदा पाहिली. पायात पॅड नव्हते, तरी ती बॉलला घाबरत नव्हती. मीच तिच्या घरी गेले, वडिलांशी बोलले. ते फार बोलणारे नव्हते. निघताना एवढंच म्हणाले, की तुमच्याकडे बघून पाठवतो. क्लबच्या शिफारशीवर तिला नाशिकला हॉस्टेलमध्ये जागा मिळवून दिली. एरवी ही मुलगी मान वर करून बोलायची नाही. पण गोलात उभी राहिली की पुढच्या मुलींवर नुसती ओरडत असायची — मागे ये, ती मोकळी हाय, तिला धर. मला तिचा अभिमान होता. हे खरं आहे. आणि तरीही पुढचं सगळं मी केलं.

हंगामाच्या सुरुवातीलाच आम्ही एका दुबळ्या संघाकडून घरच्या मैदानावर हरलो. सामन्यानंतर आमचे सेक्रेटरी अण्णा मला मुलींच्या देखत म्हणाले, की मॅडम, तुमची आखणीच चुकली. चुकली होतीच. मी डाव्या बाजूच्या मुलींना पुढे चढवलं होतं आणि मागे मोकळं रान सोडलं होतं. पण मुलींसमोर ऐकून घ्यावं लागलं, ते मला झोंबलं. दुसऱ्या दिवशीच्या सरावात मी त्याच रागात होते. सराव संपला, मुली नळाकडे गेल्या. तुळसा हेल्मेट काढून गोलाच्या खांबाशी बसली होती आणि पॅडचे पट्टे सोडत होती. मी मैदानावरचे बॉल गोळा करत होते. एक बॉल समोर आला आणि मी तो सगळ्या ताकदीनिशी गोलात मारला.

तिच्यावर मारला नव्हता. पण मला ती दिसत होती. हे स्पष्ट सांगायला हवं — ती तिथे बसली आहे, डोक्यावर हेल्मेट नाही, हे दिसत असताना मारला. बॉल खांबाला लागून उडाला आणि तिच्या डाव्या डोळ्याच्या कडेला बसला.

मी धावले. शेजारच्या रसवंतीवरून बर्फ आणला. भुवईखाली टरारून सुजलं होतं. ती म्हणाली, "काय नाय मॅडम. मीच हितं बसायला नको होतं." आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, हो, गोलात बसून सामान आवरायचं नसतं. मग तिला सांगितलं, की हॉस्टेलवर कुणी विचारलं तर बाथरूममध्ये पाय घसरला म्हण. उगाच चौकशी होईल, तुला खेळू देणार नाहीत. ती हो म्हणाली. डॉक्टरकडे नेलं नाही. नेलं असतं तर बॉल कुणी मारला, हेही सांगावं लागलं असतं ना?

सूज उतरली. ती खेळायला लागली. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला.

काही आठवड्यांनी आम्ही बाहेरगावी सामन्याला चाललो होतो. गाडीत मुली गाणी म्हणत होत्या. तुळसा उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, डाव्या डोळ्यापुढं माशा उडल्यागत होतंय. मधीच वीज चमकती." आता नीट ऐका. मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली बाई आहे. खेळातल्या दुखापती आम्हाला शिकवल्या होत्या. डोळ्याजवळ मार लागल्यावर ठिपके दिसले, प्रकाश चमकला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं — हे मला माहीत होतं. ती बोलली त्या क्षणी मला आठवलं. आणि मी म्हणाले, अशक्तपणा आहे गं, गूळ-शेंगदाणे खात जा.

ती खायला लागली. सरावाला यायची तेव्हा एक छोटा डबा बरोबर असायचा. माझं लक्ष गेलं की डबा उचलून दाखवायची, बघा मॅडम, खातेय. मी मान हलवायचे.

मग डाव्या बाजूने गोल व्हायला लागले. सुरुवातीला एखादा. मग प्रत्येक सामन्यात. साधे, हळू येणारे बॉल तिच्या डाव्या पायाजवळून आत जायचे आणि ती उशिरा, भलतीकडेच झेप घ्यायची. मुली चिडायच्या. ती सगळ्यांची माफी मागायची. उभी राहताना ती मान डावीकडे वळवून ठेवायला लागली होती, हे माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. का येईल? कारण ठाऊक असलेली मी एकटीच.

आता बैठक.

क्लबच्या वरच्या मजल्यावरची खोली. अण्णा, समितीचे आणखी दोघे आणि मी. मुलींना खाली थांबायला सांगितलं होतं. तुळसा जिन्यात उभी होती. मी वर जाताना तिने मला थांबवलं आणि विचारलं, "मॅडम, डोळ्याचं सांगू का आत येऊन?" मी म्हणाले, "नको. हरल्यावर बहाणे सांगतेस असं वाटेल त्यांना." तिने लगेच मान डोलावली. माझा शब्द तिच्यासाठी शेवटचा असायचा. मला ते माहीत होतं, म्हणून तर बोलले.

आम्ही एकेका मुलीबद्दल बोललो. मी चांगलं बोलते, तयारी करून गेले होते. पुढच्या फळीतल्या एकीचं लग्न ठरलंय, ती सोडणार. मधली जोडी मेहनती आहे पण टर्फच्या कृत्रिम गवतावर पळायची सवय नाही, आपण मुरमावर सराव करतो. पेनल्टी कॉर्नर मारणारी कुणीच नाही, एक तयार करावी लागेल. हे सगळं बरोबरच होतं. डाव्या बाजूचं रान मी मोकळं सोडलं होतं, तेवढं मी सांगितलं नाही. ती आखणी मी हंगामभर बदलली नव्हती — अण्णा बोलले म्हणून, हट्टाने.

शेवटी अण्णांनी विचारलं, "मॅडम, एका शब्दात सांगा. बिघडलं कुठे?"

मी म्हणाले, "गोलकीपर."

खोलीत कुणाला आश्चर्य वाटलं नाही. गोल सगळ्यांनीच पाहिले होते. मी पुढे बोलत राहिले — तिचं लक्ष उडालंय, शहराचं वारं लागलंय, डावीकडचे बॉल ती चक्क सोडून देते. शहराचं वारं! जी मुलगी हॉस्टेल आणि मैदान यापलीकडे कुठे जात नव्हती, तिच्याबद्दल मी हे बोलले. शब्द आधीपासून जिभेवर तयार असल्यासारखे बाहेर आले.

अण्णा भला माणूस. ते म्हणाले, पोर कष्टाळू आहे हो, काही दुखणंबिखणं तर नसेल? बोलावून विचारू या का? — ती वेळ होती. दार उघडं होतं, ती जिन्यात उभी होती. तेव्हाही मी बोलले असते तर बैठक थांबली असती, कुणीतरी तिला दवाखान्यात नेलं असतं. मी म्हणाले, मी विचारलंय, तसं काही नाही. अण्णांचा माझ्यावर विश्वास होता. त्यांनी विषय संपवला.

तुळसाला संघातून काढल्याचं मीच जाऊन सांगितलं. ती रडली नाही. चुकलंच माझं, म्हणाली. संघ सुटल्यावर हॉस्टेलची जागाही गेली. जायच्या आधी तिने क्लबचे पॅड धुऊन, उन्हात वाळवून परत आणून दिले. त्याची काही गरज नव्हती. मी ते हातात घेतले आणि सीबीएस स्टँडवरून पेठची गाडी कधी आहे, असलं काहीतरी विचारलं.

पुढच्या वर्षी ती पोलीस भरतीला उतरली. धावण्यात, गोळाफेकीत पुढे होती, पण डोळ्यांच्या तपासणीत अडकली. दवाखान्यातून तिचा मला फोन आला. डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय, म्हणाली. फार उशीर झाला, आता या डोळ्याने दिसायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. मग म्हणाली, "मॅडम, ते विचारतात, आधी कधी मार लागला होता का. त्या बॉलचं सांगू?"

अजूनही ती माझीच परवानगी मागत होती. समजतंय ना तुम्हाला?

मी म्हणाले, "तो खांबाला लागून आला होता गं, जोर नव्हता त्यात. त्याने असं होत नसतं. लहानपणी पडली असशील कधीतरी, आठव."

मग ती म्हणाली, हो, आंब्यावरून पडले होते एकदा. तेच असंल. माझ्यासाठी कारणसुद्धा तिनेच शोधून दिलं. मी फोन ठेवला आणि वर्गावर गेले, मुलांकडून कवायत करून घेतली.

आमचा संघ त्या हंगामात वरच्या गटात गेला. नवीन गोलकीपर चांगली होती, आणि हो — डाव्या बाजूची आखणी मी गुपचूप बदलली होती. क्लबने माझा सत्कार केला. अण्णा भाषणात म्हणाले, की मॅडमनी वेळेवर कठोर निर्णय घेतला. शाल पांघरून मी हात जोडले.

या उन्हाळ्यात तुळसाचं लग्न झालं. तिने आग्रहाने बोलावलं, मी गेले. मांडवात मला पुढे खुर्ची दिली, टॉवेल-टोपीच्या मानकऱ्यांशेजारी. तिच्या वडिलांनी पाण्याचा तांब्या स्वतः आणून दिला. तुळसाने नवऱ्याला माझ्या पाया पडायला लावलं आणि सांगितलं, की या माझ्या मॅडम, यांच्यामुळं मी नाशिक बघितलं. बोलताना ती अख्खं डोकं वळवून माझ्याकडे पाहत होती. मी आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. खरंच ठरवलं होतं. पण लग्नाच्या दिवशी कसं सांगायचं? — हे मी स्वतःला सांगितलं, आणि मला किती बरं वाटलं!

जेवणं उरकल्यावर निरोप घ्यायला मी तिला शोधत गेले. ती मांडवाच्या कडेला बायकांच्या घोळक्यात उभी होती. मी तिच्या डाव्या हाताला जाऊन थांबले, हात पुढे केला तर खांद्याला लागेल इतकी जवळ. तिला मी दिसले नाही. तिने एका बाईला विचारलं, "आमच्या मॅडम गेल्या का गं? त्यांना भेटायचं होतं मला."

ती बाई मला ओळखत नव्हती. गेल्या असतील, म्हणाली.

मी तिथेच उभी होते. श्वास रोखून. मग आवाज न करता मागे सरले, आणि मांडवाच्या मागून गाडीकडे गेले.