बांध फुटलाच नाही

मोरूला गावात कुणी कधी घाईत पाहिलं नाही. वरात असो की मयत, हा आपला हात मागे बांधून, पाऊल जपून टाकत चालणार. मी त्याला चिडवायचो, "मोऱ्या, डांबरी रस्त्यावर पण दोन्ही बाजूला पाणी दिसतं का रे तुला?" तो म्हणायचा, "बांदावरची सवय हाय, दत्ता. ती आता जाची न्हाय."

उघाडी सांभाळणं हे त्याचं काम. आमची खारजमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खोल. खाडी आणि शेत यांच्या मध्ये मातीचा बांध, आणि त्या बांधाच्या पोटात लाकडी झडपांचा दरवाजा, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं, भरती आली की झडपा आपोआप मिटतात. आपोआप हे म्हणायला. एखादा ओंडका नाहीतर तिवराची, म्हणजे खारफुटीची, फांदी अडकली की झडप उघडी राहते आणि खाडी आत शिरते. म्हणून उधाणाच्या आधी कुणीतरी जाऊन बघून यावं लागतं. आधी मोरूचा बाप बघायचा, मग मोरू. सुगीला घरोघरचा भात त्याच्याकडे पोचायचा, आणि त्याच्या बांधाला नावं ठेवलेली त्याला खपायची नाहीत.

मी दत्तात्रेय. मोरूच्या घराला लागून माझं घर. शाळेत आम्ही एका बाकावर, मास्तरांचा मारही एकत्र खाल्लेला. पुढे मी बावीस वर्षं गावचा पोलीस पाटील होतो.

गावामागच्या माळावर कंपनी आली ती सात-आठ वर्षांपूर्वी. बिनखिडक्यांच्या चार पांढऱ्या इमारती, आत नुसते कॉम्प्युटर. पोरं डेटा सेंटर म्हणतात, आम्ही म्हातारे नुसतंच 'डेटा' म्हणतो. सारखा घूं असा आवाज येतो, आता तो थांबला तरच दचकायला होईल. मग कंपनीला वाढायचं झालं. माळ संपला होता, उरली खालची खारजमीन. पिकवणारी माणसं कमी झाली होती, पोरांना शेत नको होतं. बहुतेकांनी जमिनी दिल्या. मीही दिली. माझ्या केतनने दोन डंपर घेतले आणि कंपनीच्या भरावाच्या कामाला लावले. मोरूने आपला तुकडा दिला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मना कुटं जाचा हाय?"

अशा कामाला सरकारची पर्यावरणाची परवानगी लागते. त्यासाठी अहवाल करणाऱ्या संस्थेची हेतल नावाची मुलगी नवी मुंबईहून येऊ लागली. आम्हाला वाटलं होतं गाडीतून काच खाली करून बघेल आणि जाईल. पण ती चपला हातात घेऊन चिखलात उतरायची, पक्षी मोजायची, पाणी बाटलीत भरायची. मोरूला ती आवडली. ठमीने, म्हणजे मोरूच्या बायकोने, तिला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊ घातली.

त्या दिवशी बांधावर आम्ही तिघेच होतो. हेतलच्या हातात जुना नकाशा होता.

"काका, हा बांध किती जुना आहे?"

"माज्या बापाच्या आंदीचा."

"मध्ये कधी फुटला? नवीन बांधला? या नकाशात तो जरा बाहेरच्या बाजूला दिसतोय, त्या तिवरांमध्ये."

मोरूने नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "नकाशा चुकला असंल बाय. ह्या बांदानं मी हाय तवर पान्याचा थेंब आत घेतला न्हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने गावात आणखी पाच-सहा जणांना विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं. शेवटी मोरूने तिच्या कागदावर अंगठा नव्हे, चांगली वळणदार सही केली.

निघताना त्याने तिला विचारलं, "त्या डेटात ठेवतात तरी काय?"

"लोकांचे फोटो, निरोप, बँकेचे कागद. सगळं जपून ठेवतात, काका. काही पुसलं जात नाही."

"मेलेल्या मानसांचं बी?"

"त्यांचं पण," ती म्हणाली. मोरू बराच वेळ त्या पांढऱ्या भिंतींकडे बघत राहिला.

आता खरं लिहितो. बांध फुटला होता.

शहाण्णव साल. जेठातल्या पुनवेचं उधाण दुपारी यायचं होतं. आदल्या संध्याकाळी मोरू चौलला मामेभावाच्या हळदीला गेला. आमच्याकडची हळद म्हणजे रात्रभर बेंजो आणि नाच. सकाळी निघतो म्हणालेला माणूस लग्न लागेपर्यंत अडकला. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर झालेली त्याची एकुलती एक पोर, कल्पिता, आठ वर्षांची. बापाबरोबर रोज उघाडीवर जायची, झडपांची तिला सगळी माहिती. दुपारी ती एकटी तिकडे गेली. झडपेत ओंडका अडकला होता. पाणी आत घुसलं, त्याने बांधाचा पाया खाल्ला आणि दोनशे हात बांध एका दमात गेला. ती आम्हाला संध्याकाळी सापडली, ओहोटी लागल्यावर.

लहान पोरांना आम्ही जाळत नाही. उघाडीपासून शंभर पावलं आत खाडीकाठच्या रानभेंडीचं मोठं झाड होतं, तिथे तिला मातीत ठेवली.

मोरू तीन दिवस त्या फुटक्या बांधावर बसून होता. मागून कुणीतरी त्याचा सदरा धरून ठेवायचं, नाहीतर तो गेलाच असता. चौथ्या दिवशी गावकीने ठरवलं की ही गोष्ट गावात झालीच नाही. जुन्या जागी खोल डोह पडला होता, म्हणून सत्तर पावलं आत नवा बांध घातला, त्यात नवी उघाडी बसवली. बायकापोरांसकट सगळ्यांनी डोक्यावरून चिखल वाहिला. तिवरं वाढली, जुनी जागा झाकली गेली. आणि त्यानंतर मोरूच्या तोंडावर काय, पाठीमागेसुद्धा कुणी त्या दिवसाचं नाव काढलं नाही. आमची माणसं गटाराच्या पाण्यावरून डोकी फोडतात, पण ही एक गोष्ट त्यांनी अठ्ठावीस वर्षं पाळली. नंतर जन्मलेल्या पोरांना तर ठाऊकही नाही.

नोंद मी केली. बांधावर मेली म्हटलं असतं तर चौकशी झाली असती, उघाडी सोडून कुठे गेला होतास म्हणून मोरूलाच धरलं असतं. मी लिहिलं, 'गावतळ्यात पाय घसरून बुडून मृत्यू.' खाली सही ठोकली. तेव्हा वाटलं, आयुष्यात एक तरी काम बरं केलं.

अहवाल आला. त्याचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतीत ठेवला होता, तो मीच मोरूला वाचून दाखवला. आपलं सांगणं छापून आलेलं ऐकून गडी खूश झाला. 'ज्येष्ठ ग्रामस्थांच्या जबाबानुसार सदर बांध जुना असून तो कधीही फुटलेला नाही.' पुढचं मी बोट ठेवून सावकाश वाचलं. नियम असा की बांध एक्क्याण्णव सालाच्या आधीचा असेल, तर सरकार भरतीची रेघ बांधावरच थांबवतं आणि आतली जमीन किनाऱ्याच्या कायद्यातून सुटते. नवा असेल तर रेघ आत सरकते, मग तिथे भराव टाकता येत नाही. रेघ बांधावर थांबली होती. मोरूचा तुकडा सोडून बांधाच्या आत सगळीकडे पुरुषभर भराव पडायचा होता. नकाशावर उघाडीच्या जागी गटार दाखवलं होतं, आणि भेंडीच्या जागी डिझेलच्या टाक्या.

मोरू म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं.

मोरूने हरकतीचा अर्ज केला. परवानगी देणाऱ्या सरकारी समितीचे तीन लोक जागा बघायला आणि गावाचं ऐकून घ्यायला येणार असं ठरलं. आदल्या संध्याकाळी तो माझ्या ओटीवर आला.

"उद्या मी खरा काय ता सांगनार, दत्ता. मी नव्हतू, म्हनून माजी पोर गेली, आसा सांगनार. तू काय लिवलंस ता तू सांग. तुजा कागद खोटा हाय, ह्या तुज्याबिगर कोन सांगनार?"

"सांगतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. मग जेवताना केतनने विचारलं, "बाबा, हे काम अडलं तर माझ्या डंपरचं काय?" मी ताट अर्धं ठेवून हात धुवायला उठलो.

शाळेच्या मोठ्या वर्गात सगळे बसलो; केतन आणि त्याच्या वयाची पोरं कामावर गेली होती. मोरू उठला. गावाने त्याच्या तोंडून जे कधी ऐकलं नव्हतं ते त्याने सरळ सांगितलं: हळद, ओंडका, दोनशे हात बांध, भेंडीचं झाड. आवाज कुठे चढला नाही. समितीचे प्रमुख भले गृहस्थ होते, त्यांनी चष्मा काढला. मग हलकेच विचारलं, "याला कुणी दुजोरा देईल का?"

मोरूने माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांवरची माणसं वर्गात निदान तीस तरी होती, पण त्याने पाहिलं ते फक्त माझ्याकडे. मी माझ्या पुढ्यातल्या पाण्याच्या बाटलीवरचा कागद वाचत बसलो. तीसच्या तीस जण गप्प. एकेकाळी त्याच्यासाठी गप्प बसली होती तीच ही माणसं, पण आता प्रत्येकाचं काही ना काही त्या माळावर अडकलेलं होतं.

मागून ठमी उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी सांगतंय, सायब. त्या दिशी बापूस घरी नव्हता. झडप बगाला मीच पाठवली तिला. मी बोलले, जा बाय, बगून ये, बिगीबिगी ये. ती मनापास्नं गेली न्हाय, मी पाठवली म्हनून गेली. अठ्ठावीस वरसां ह्यो आपल्याला दोस देतंय, आनि मी त्याला देऊ दिला."

मोरू तिच्याकडे वळला. त्याला हे ठाऊक नव्हतं. तो बाकाच्या कडेला हात टेकून खाली बसला.

प्रमुखांनी कागद मागितला. ग्रामपंचायत शेजारीच, नव्या ग्रामसेवकाने जुनं मृत्यूचं रजिस्टर आणलं. "इथे तर गावतळं लिहिलंय," प्रमुख म्हणाले. "माहिती देणार, पोलीस पाटील. हे पोलीस पाटील हयात आहेत का?"

कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही, कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. गावाने एकदा मोरूला झाकलं होतं तसंच मला झाकलं. मला उठायचं होतं. खरंच उठायचं होतं. पाय जमिनीला लागलेले होते आणि मी उठलो नाही.

मग मोरूच बोलला. "न्हाय सायब. ते गेले."

परवानगी तीन महिन्यांत आली. तिला अटी बऱ्याच होत्या, झाडं लावा, गटारं बांधा. बैठकीच्या नोंदीत एक ओळ होती, 'ग्रामस्थांच्या भावना ऐकून घेण्यात आल्या.' हेतलचा मला फोन आला होता. ती म्हणाली, "काका, मी विचारलं होतं ना तुम्हाला?" मी फोन ठेवून दिला.

मोरूने मला एकदाही जाब विचारला नाही. सकाळी नेहमीसारखा ओटीवर येतो, "दत्ता, चा झाला का?" म्हणतो. मी कप पुढे करतो. त्याने मला त्या दिवशी वाचवलं की मारलं, हे माझं मला कळत नाही, आणि विचारायची हिंमत नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. ठमी मात्र आता पोरीचं नाव घेते. अंगणात बसून दोघं तिच्याबद्दल बोलतात, ती काय खायची, कशी रुसायची. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं.

मे महिन्यात भराव उघाडीपर्यंत पोचला. त्या दिवशी केतन दुपारीच घरी आला, हात धुतले आणि ताटावर बसता बसता म्हणाला, "बाबा, ते उघाडीजवळचं भेंडीचं झाड होतं ना, आज पाडलं. पहिला लोड तिथे माझाच पडला. मोरूकाका येऊन उभे होते."

"काय म्हणाले?"

"काही नाही. मला म्हणाले, हलू टाक पोरा, हलू हलू टाक. मातीला काय हळू नि काय जोरात, बाबा?"

केतन नव्व्याण्णवचा. त्याला कुणी कधी सांगितलेलं नाही, त्या बैठकीनंतरही नाही.

मी म्हणालो, "म्हातारा झालाय तो. तू जेव."