टँककाकांचा चिखल

टँककाकांना चकचकीत वस्तूंचा मनस्वी राग. मी नवी स्कूटर घेतली, तर पेढा तोंडात टाकत म्हणाले, "जरा घासू दे तिला, मग कौतुक करतो." फौजेत ते रणगाडा चालवायचे. निवृत्त होऊन भोपाळला इंद्रपुरीत आमच्या शेजारी आले आणि प्लास्टिकचे वीतभर रणगाडे बनवायला लागले.

सुटे भाग काय, कुणीही जोडेल. खरी मजा पुढे. छान हिरवा रंग दिलेला रणगाडा काका बिनदिक्कत मळवून टाकत. कडांचा रंग उडालेला, सायलेन्सरपाशी गंज, पट्ट्यांवर चिखल! त्यासाठी मागच्या मैदानातली माती काकूंच्या चहाच्या गाळणीतून चाळायची. त्या गाळणीवरून घरात रोज महाभारत.

"काका, एवढा सुंदर रंग घाण कशाला करता?" मी एकदा विचारलं. भडकलेच!

"घाण? अरे भिया, आम्ही ह्याच्यात जेवलोय, झोपलोय. नवाकोरा हवा असेल तर बाजारातून खेळणं आण की!"

शेवटी त्यांनी स्वतः चालवलेला रणगाडा करायला घेतला. तोवर हाताला कंप सुटला होता. बारीक कामं बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं. काका घरी आले ते थेट ब्रश घेऊनच बसले. "हात थरथरतोय ना? मग चिखलाचे शिंतोडे फुकटात उडतील!" आणि काय उडाले म्हणून सांगू! तसा जिवंत चिखल मी दुसरा पाहिला नाही.

दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी तो रणगाडा ओल्या फडक्यानं लख्ख पुसून काढला. वर वार्निशचा हात दिला असता तर माती टिकली असती. पण वार्निशनं चमक येते, म्हणून काकांनी दिलाच नव्हता. "बघा, कसा नव्यासारखा झाला!" काकू कौतुकानं म्हणाल्या. आता काका घर डोक्यावर घेणार! काकांनी रणगाडा उचलून उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "गाळणी आण."

सगळा हिवाळा ते पुन्हा बसले. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून गंजाचे ओघळ ओढायचे. ओघळ वाकडा गेला की शिवी हासडून पुसायचे, पुन्हा ओढायचे. काकू समोर बसून माती चाळत. होळीला रणगाडा पुरा झाला, आणि उन्हाळ्यात काका गेले.

गणपतीत अरेरा कॉलनीतल्या मंडळाच्या प्रदर्शनात तो रणगाडा काकू स्वतः घेऊन गेल्या. मी सोबत होतो. तिथल्या कार्यकर्त्यानं तो टेबलावर ठेवला आणि खिशातून रुमाल काढला.

"काकू, खूप धूळ बसलीये. थोडा साफ करून घेतो, फोटो मस्त येईल."

जन्मभर धुळीशी भांडलेल्या काकूंनी त्याचं मनगट पकडलं.

"खबरदार हात लावशील तर! ती बसलेली नाही, ह्यांनी लावलीय."