भेकराच्या शिंगांना फुटलेल्या फांद्या

मी मुळात कमी बोलणारा. म्हणूनच एकदा बोललेलं खोटं इतकी वर्षं टिकलं असावं.

लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला गेलो होतो. सांगलीकडचं गाव, चहूकडे ऊस. ताटात पुरणाचे धोंडे, समोर अख्खी भावकी. कुणीतरी विचारलं, "पाव्हणं, तुमच्या डोंगरात काय काय असतंय?" काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, "भेकर असतं, कुत्र्यासारखं भुंकणारं हरीण. अगदी जवळून पाहिलंय मी."

पाहिलं नव्हतं. सुट्टीत कोयनेकाठच्या आमच्या गावी जायचो, तेव्हा संध्याकाळी रानातून त्याचं भुंकणं ऐकलं होतं, एवढंच. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाचा शब्द खोडणार कोण? सासरे म्हणजे आबा, फौजेतून निवृत्त झालेले. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "आसं सांगा की! शिंगं किती मोठी?"

मी हात पसरले. मग दर तिसऱ्या वर्षी, प्रत्येक धोंड्याला, ते भेकर वाढत गेलं. कळपानं फिरू लागलं. शिंगांना फांद्या फुटल्या. आबा दरवेळी म्हणायचे, "एकदा दावा की आमाला!" आणि मी दरवेळी काहीतरी कारण काढायचो.

यंदा आबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बायकोनं धोंड्याचं आमंत्रण आलं म्हणून सांगितलं, आणि मागोमाग आबांचाच फोन. "पाव्हणं, यंदा वाण मी मागतो. डोळं हायत तवर तुमचं भेकर दावा."

रात्रभर डोळा लागला नाही.

बायकोला आणि आबांना घेऊन गावी गेलो. चुलतभाऊ म्हणाला, गोठ्यामागच्या ओढ्यावर जांभळं पिकलीत, पडलेली खायला सकाळी येतं एक. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी आणि आबा गोठ्याच्या कारवीच्या कुडाआड बसलो. वासानं बुजेल म्हणून आबांनी तंबाखूची डबी घरी ठेवली होती आणि तेवढ्यावरून माझ्याकडे रागानं पाहत होते.

ते आलं. आधी मला समजलंच नाही. शेळीएवढं होतं, तांबूस. एकटंच. एकेक पाय उंच उचलून, काट्यांतून चालल्यासारखं टाकत होतं.

"आलं न्हवं?" आबा कुजबुजले. "मला नुसतं तांबडं कायतरी हलताना दिसतंय. तुमी सांगा."

सांगायची सवय होतीच. पण त्या माणसाला उरलेल्या नजरेत काय साठवायचं ते माझ्या तोंडून मिळणार होतं. म्हटलं, "आबा, लहान आहे. कपाळावर दोन काळे पट्टे, खाली नाकाकडे जुळलेले. वर केसाळ खुंट, त्यावर बोटाएवढं शिंग. ओठातून सुळा डोकावतोय. मान खाली घालून जांभूळ चघळतंय."

"आन फांद्या?"

"फांद्या नाहीत, आबा."

"मोडल्या?"

"नव्हत्याच. मी आज पहिल्यांदा बघतोय."

आबांनी मान माझ्याकडे वळवली. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि फौजी माणसाचं ते हसू कुडाबाहेर फुटलं. "आवं पाव्हणं! आख्ख्या भावकीला मी पैजंवर सांगितलंय की वो, फांद्या हायत म्हून!"

भेकरानं मान वर केली, पाय आपटला, आणि शेपूट उभारून उडी घेतली. शेपटीखालचं पांढरं लख्खकन चमकलं. चढावर जाऊन ते भुंकायला लागलं. भॉक्. भॉक्. थांबेचना.

"कुत्र्यागत भुकतंय," आबा म्हणाले. "ह्ये तेवढं खरं सांगितलं हुतं तुमी." मग माझा दंड घट्ट धरून म्हणाले, "आन जाताना पांढरं कायतरी गेलं न्हवं, उंच?"

"शेपूट, आबा. तुम्हाला दिसली?"

"दिसली म्हंजी? लख्ख दिसली की!"

घराच्या दारात बायको वाट पाहत होती. "आबा, दिसलं का हो?"

आबांनी आधी तंबाखूची डबी मागून घेतली. चिमूट मळली. "दिसलं की. शेपूट मी बगितली, बाकीचं पाव्हण्यांनी," ते म्हणाले. "आन ह्या टायमाला खरंच बगितलं गड्यानं."